सायकलची ट्रान्सफर

"काय करताय?"

"ट्रान्सफर लावतोय."

"कुणाची?"

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उकिडवा बसलो होतो. डाव्या हाताच्या दोन बोटांवर भिजलेला कागद, उजव्या हातात मुलीचा चित्रकलेचा ब्रश, तोंडात बायकोचा भुवया कोरायचा चिमटा. अशा माणसाला काय करताय हे विचारू नये. पण बी-विंगमधले काका ३४ वर्षं सरकारी हिशेबतपासणीत होते. निवृत्तीला १६ वर्षं झाली, तरी कुणी खाली मान घालून काही करताना दिसलं की त्यांना तिथे उभं राहावंच लागतं.

मी चिमटा तोंडातून काढला. "सायकलची."

"सायकलची ट्रान्सफर? म्हणजे नावावर करून घेताय?"

"नाही हो काका. हे फ्रेमवरचं नाव. कागदावरून दांडीवर उतरवायचं. याला ट्रान्सफर म्हणतात."

"स्टिकर म्हणतात त्याला. ट्रान्सफर माझी झाली होती. चंद्रपूरला. ८९ साली. मे महिन्यात."

हे सगळं का घडलं ते भराभर सांगून टाकतो. बाबांची १९५९ सालची रॅले सायकल. बाबा गेल्यावर ती वाड्यातून आमच्या कोथरूडच्या जिन्याखाली आली, जिन्याखालून पार्किंगच्या कोपऱ्यात गेली आणि तिथून सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात, "बेवारस वस्तू" या विषयाखाली. तेव्हा कुठे मला तिच्याबद्दल प्रेम उचंबळून आलं. सगळे भाग सोडवले आणि फ्रेम पावडर कोटिंगला दिली. देताना तीनदा सांगितलं, की खालच्या तिरप्या दांडीवरचं सोनेरी नाव आणि सीटखालचा बगळा तेवढा वाचवा, त्यावर चिकटपट्टी लावून घ्या. दुकानदार तीनदा "हो साहेब" म्हणाला. आठ दिवसांनी फ्रेम परत आली ती काळीभोर, चकचकीत आणि निनावी. आधी वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग खरवडतात, मग विजेच्या भारावर पूड चिकटवतात आणि भट्टीत २०० अंशांच्या आसपास भाजतात. या तीन संकटांपैकी पहिल्यातच नाव गेलं होतं.

"एकदम फ्रेश करून दिलीय साहेब."

"अहो, नाव होतं तिच्यावर!"

"जुनंच तर होतं."

यावर काय बोलणार? पैसे देऊन आलो.

आता ते जुनं नाव म्हणजे काय होतं, हे सांगायला हवं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं तेव्हा बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली रात्रपाळी करून नारायण पेठेतल्या वाड्यात झोपले होते. पाणी आल्याची ओरड झाली तसे तेही आजीला घेऊन पर्वतीकडे पळाले. सायकल जिन्याखाली राहिली. (घरात सायकल असताना पायी का पळालात, हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा नसे. मी सातवीत असताना एकदा विचारला होता.) पाणी ओसरल्यावर सायकल गाळातून उपसून काढली. चेन गेली होती, सीटचं कातडं वड्यासारखं फुगलं होतं, मागचं मडगार्ड शेजारच्या वाड्यात सापडलं. नाव मात्र शाबूत. त्या दिवशी पानशेतपाठोपाठ खडकवासलाही फुटलं, म्हणजे बाबांच्या हिशेबाने या नावाने दोन धरणं पचवली होती. पाहुणे आले की बाबा त्यांना जिन्याखाली नेऊन ते नाव दाखवत, त्यावरून रुमाल फिरवत आणि म्हणत, "ट्रान्सफर आहे, पण बघा! याला म्हणतात विलायती माल."

त्यात मालाइतकीच बसवणाऱ्याची करामत होती. त्या काळच्या ट्रान्सफरी व्हर्निशवर बसवत. पाठीला व्हर्निशचा हात द्यायचा, बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं, दाबून बसवायचं, मग वरचा कागद ओला करून सोलायचा आणि सगळ्यावर पुन्हा व्हर्निश. हल्ली मिळते ती पाण्यावरची. कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवली की कागदावरचा डिंक सुटतो आणि अक्षरांचा पापुद्रा घसरायला लागतो. दुधावरची साय पातेल्यातून अख्खी काढून दुसऱ्या पातेल्यावर पसरण्यातला प्रकार. बरं, ती सपाट जागी बसवायची असती तर एक वेळ जमलं असतं. दांडी गोल, सव्वा इंचाहूनही बारीक, आणि पावडर कोटिंगचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की त्यावर माशीसुद्धा घसरावी.

मागवताना विक्रेत्याने विचारलं होतं, "इंग्लंड पायजे का इंडिया?" म्हणजे बगळ्याखाली नॉटिंगहॅम, इंग्लंड असं हवं, की तो मजकूर नको. इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरात ती सायकल कायम विलायती म्हणूनच ओळखली गेली. पण १९५० च्या दशकात बाहेरून सायकली आणण्यावर निर्बंध होते आणि रॅले इथेच बनत होती, पश्चिम बंगालात आसनसोलजवळ कन्यापूरला, सेन-रॅलेच्या कारखान्यात. तेव्हा १९५९ साली महिन्याच्या पगारात संसार चालवणाऱ्या खडकीच्या कामगाराने घेतलेली सायकल नॉटिंगहॅमहून बोटीत बसून आली असण्याची शक्यता किती, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी "इंग्लंड" म्हणालो. बाबांची इच्छा, अशी मनाची समजूत घातली. साडेसहाशे रुपये. रंग तोच, अक्षरं तीच, वर बगळ्याचं डोकं.

मुळात नाव नेमकं कुठे येतं, हँडलपासून किती बोटं सोडून, हेही आता आठवेना. कर्वेनगरात जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे टेप घेऊन गेलो. तिथे दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए आहे. सायकल घेऊन विमानातून उडी मारायची, खाली उतरून घडी उलगडायची आणि पायडल मारत शत्रूवर जायचं! मी तासभर तिच्यासमोर उभा होतो. घरी आलो तेव्हा टेप खिशातच होती. माप राहूनच गेलं. शेवटी बाबांचा एक फोटो सापडला, सायकलला टेकून उभे असलेले. पण नाव नेमकं त्यांच्या पायजम्यामागे.

तर रविवार. पहिली बाजू, म्हणजे डावी, काका येण्याआधीच झाली होती. झकास बसली होती. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की पापुद्रा दांडीवर सरकवता येतो, मग मधून कडेला टिश्यू पेपर टिपत टिपत पाणी आणि बुडबुडे बाहेर काढायचे. तासभर लागला. उजवी बाजू हातात होती आणि काका समोर.

"बाजूला सरकू का?"

"नको नको, तुम्ही उभे राहा." मी हे का म्हणालो? आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला "जा" म्हणता येत नाही. भाषेत सोय आहे, पण ती वापरायची हिंमत ज्याच्यात आहे तो पार्किंगमध्ये उकिडवा बसत नाही.

काकांनी आधी डाव्या बाजूने पाहणी केली, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या.

"इकडून नाव वरून खाली उतरतंय."

"हो. हँडलकडून सुरू होतं ना."

"आणि तिकडून खालून वर चढणार?"

"तसंच येतं ते. डावीकडून उजवीकडे वाचायचं तर दुसरं काय होणार?"

काकांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे जमा आणि खर्च. जुळतंय."

मला वाटलं, तपासणी संपली. मी श्वास रोखून 'आर' दांडीला टेकवलं.

"हा पक्षी कोण? बदक?"

"बगळा आहे. कंपनीची खूण."

"बगळे मुठेत पुष्कळ आहेत. त्यासाठी इंग्लंडला कशाला जायला हवं?" मग चष्मा वर करून ते बगळ्याखालच्या अक्षरांवर वाकले. "नॉटिंगहॅम. सायकल नॉटिंगहॅमची आहे?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. ६० वर्षं आमचं अख्खं घराणं बोलत आलं होतं, माझ्याच्याने आणखी एकदा झालं असतं. पण बोटांवर ओला कागद असताना माणूस खोटं बोलू शकत नाही. "बहुतेक आसनसोलची असावी," मी म्हणालो.

"पावती?"

"नाही."

"मग ही खोटी नोंद झाली."

"काका, सायकल आहे ती. सातबारा नाही."

"आज सायकल. उद्या तुमची मुलं हे वाचून म्हणतील आजोबा इंग्लंडला होते." आणि मग चंद्रपूर सुरू झालं. तिथे एका कार्यालयाच्या नोंदवहीत एक सायकल १७ वर्षं उभी होती, प्रत्यक्षात नव्हती. दर वर्षी तिची दुरुस्ती मात्र व्हायची. दर वर्षी दोन टायर. काकांनी आक्षेप काढला, त्यावर खुलासा आला की सायकल दुरुस्तीला गेली आहे. ही गोष्ट खरं तर फार चांगली आहे. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी ती चहा पाजून ऐकली असती. पण तोवर मी 'एल'पर्यंत आलो होतो आणि 'ई' वाकडं जायला लागलं होतं.

एक गोष्ट मला या प्रकारात फार लागली. काकांच्या जोडीला तोवर आणखी दोन जण येऊन उभे राहिले होते. एकाने "ऑनलाइन मिळतात की आख्ख्या नव्या" असं सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "विकायचीय का?" मी नाही म्हणालो तर म्हणाला, "मग कशाला एवढं?" कुणीही टिश्यू पेपर धरला नाही. मी तोंडात चिमटा, बोटांवर कागद आणि गुडघ्यावर टिश्यूचा गठ्ठा सांभाळतोय, वाऱ्याने गठ्ठा उडतोय, आणि समोर तीन धडधाकट माणसं हात मागे बांधून उभी. हे सायकलींचं शहर होतं म्हणे. सिग्नल सुटला की सायकलींचा लोंढा निघायचा, रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे, डबलसीट दिसला की धरायचे. आता सायकलसाठी वेगळी वाट आखली आहे. आमच्या घरापासून निघालात तर ती आधी एका विजेच्या पेटीला वळसा घालते, मग पाणीपुरीच्या गाडीखालून जाते आणि शेवटी एका वडाच्या झाडात संपते. झाडात! झाडाच्या पलीकडे पुन्हा सुरू होते, रंगसुद्धा मारलाय. सायकल तयार झाल्यावर मी ती चालवणार कुठे, हा प्रश्न बायकोने मला पहिल्याच दिवशी विचारला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

ज्या फ्रँक बाउडेनने रॅले नावारूपाला आणली, त्याला म्हणे आजारपणात डॉक्टरांनी सायकल चालवायचा सल्ला दिला. पठ्ठ्याला बरं वाटलं, तर त्याने नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवरचा छोटा कारखानाच घेऊन टाकला. १८८० च्या दशकातली गोष्ट. मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मी अजून बूट घेतले नाहीत.

असो. सव्वाअकराला उजवी बाजू बसली. सगळी अक्षरं, आर-ए-एल-ई-आय-जी-एच, जराशी चढी पण ओळीत. एकच बुडबुडा, तोही 'ए'च्या पोटात, शोधल्याशिवाय दिसणार नाही असा. मी मागे सरकलो. गुडघ्यांनी आवाज केला. सोनेरी नाव काळ्या दांडीवर असं उठून दिसत होतं की मला क्षणभर बाबांचा रुमाल दिसला.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. आता २४ तास हात लावायचा नाही. वाळलं की वरून लॅकरचे पातळ हात."

"अजून वाळलं नाही?"

"नाही ना. ओलंच आहे."

"बघू."

आणि काकांनी बघितलं. अंगठ्याने. त्यांनी तो 'एच'वर टेकवला, जरासा दाबला आणि पिठाच्या गिरणीत दळण नीट बारीक झालंय का हे बघताना बोटावर बोट घासतात तसा मागे ओढला.

नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. काका अंगठ्याकडे बघत होते. अंगठ्यावर 'जी' होतं आणि त्याला बिलगलेलं अर्धं 'एच'. उरलेलं अर्धं दांडीवर लोंबत होतं. ते मी बघत असतानाच गळून पायावर पडलं.

"निघालं की हो," काका म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं, समाधान होतं. "म्हणजे चिकटलंच नव्हतं. बरं झालं, आत्ता लक्षात आलं."

"काका!" माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडलं. दोन धरणं पचवलेल्या नावाचा वारस, बी-विंगच्या अंगठ्याने गेला होता.

"थांबा, थांबा. गेलं काय?"

"जी गेलं! एच गेलं!"

"जी आणि एच." त्यांनी डोळे बारीक केले. "उच्चार काय तुमच्या सायकलचा?"

"रॅले."

"यात जी कुठे आहे?"

मी गप्प.

"एच कुठे आहे?"

मी गप्पच.

"सायलेंट आहेत ते. नाइटमध्ये असतात, लाइटमध्ये असतात, तसे. बोलताना येत नाहीत. मग नाव कुठे बिघडलं? रॅले होतं, रॅलेच आहे." मग खिशातून पेन काढून त्यांनी माझ्याच टिश्यू पेपरवर आकडेमोड सुरू केली. "किती दिलेत?"

"साडेसहाशे."

"बगळा फुकट धरू. दोन्ही बाजू मिळून १४ अक्षरं. अक्षरी ४६ रुपये ४३ पैसे. त्यात सायलेंट किती? चार. म्हणजे सुमारे १८६ रुपये तुम्ही न उच्चारायच्या अक्षरांवर घातलेत. याला आमच्यात निष्फळ खर्च म्हणतात." त्यांनी टिश्यू माझ्या हातात दिला. "वसुली लावत नाही. पण लक्षात ठेवा."

मी चिडलो होतो, खरंच चिडलो होतो. चार शब्द बोलायची तयारीही झाली होती. पण त्या माणसाचं उत्तर खोडता येईना. मी मनातल्या मनात तीनदा "रॅले" म्हणून पाहिलं. जी नाही. एच नाही. यापेक्षा त्यांनी सरळ माफी मागितली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

विक्रेत्याला फोन केला. सुटी अक्षरं मिळत नाहीत, अख्खा संच घ्यावा लागेल. पुन्हा साडेसहाशे. "या वेळी इंग्लंड का इंडिया?" असं त्याने विचारलं तेव्हा मी फोन ठेवला. घरात सांगितलं तर बायको आधी हसली, मग म्हणाली, "पण अहो, ते चुकीचं कुठे बोलले?" मुलीने फ्रेमचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात काका. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी एक पाकीट पुढे केलं. जुनंच, लग्नाच्या आमंत्रणाचं, उलटं करून पुन्हा चिकटवलेलं. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: "जी – १. एच – १/२. परत." आत वर्तमानपत्राच्या कपट्यावर वाळलेला, सुरकुतलेला सोनेरी पापुद्रा. रात्री कोमट पाण्यात अंगठा बुडवून त्यांनी तो सोडवला होता. "अर्धा मिनिट लागला. तुम्ही म्हणालात तसाच सुटला," ते म्हणाले.

त्याखाली आणखी एक कागद होता.

"पोच द्या."

मी पोच दिली. सही, तारीख, आणि त्यांनी सांगितलं म्हणून "तक्रार नाही" असंही लिहिलं. ते त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवलं. कपाटाशेजारी सायकलचे सोडवलेले भाग मांडलेले होते, तिकडे नजर गेली तसे ते आत आले, वाकले आणि त्यांनी घंटी वाजवून पाहिली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "ओरिजिनल?"